गावात पत्ता हरवत नाही

मा. श्री. देवेंद्र फडणवीस,
मुख्यमंत्री व गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य



मी राहतो ते ट्रॉम्बे मूळचे कोळ्यांचे गाव, आज मुंबईत मोडते. या मुंबईत १९९२-९३च्या दंगलींत सुमारे ९०० माणसे मारली गेली. बेपत्ता १६८ जणांपैकी १०८ जणांच्या कुटुंबांना भरपाई मिळाली नव्हती, कारण त्यांचे पत्तेच सापडेनात. ती व्याजासह द्या, असे सर्वोच्च न्यायालयाला २०२२ साली सांगावे लागले. महानगराच्या गर्दीत ही सबब निदान सांगता तरी आली. गावात ती सांगता येणार नाही. म्हणून हे पत्र पुसेसावळी आणि गजापूर या गावांत जमावाने केलेल्या हल्ल्यांबद्दल. दोन्ही वेळी गृहखाते आपल्याकडे होते.

१० सप्टेंबर २०२३च्या रात्री खटाव तालुक्यातल्या पुसेसावळीत समाजमाध्यमावरच्या मजकुराचे निमित्त झाले. जमाव मशिदीवर चालून गेला, दुकाने-गाड्या जळाल्या, एकाचा जीव गेला. १४ जुलै २०२४ला विशाळगडाच्या पायथ्याशी गजापुरात घरे आणि मशीद फोडली गेली. पंचनाम्यात गाडी येते, पत्रे येतात, कपाट येते. उधारीची वही, पेरणीतला पैरा, अडल्या वेळी हाक मारायचा मेस्त्री यांचा रकाना त्यात नसतो. शहरातला दुकानदार दुसऱ्या उपनगरात नव्याने मांडामांड करू शकतो; गावातल्या दुकानदाराचे गिऱ्हाईक आणि साक्षीदार एकच असतात. सगळ्यांना सगळे ठाऊक असते, आणि म्हणूनच कोणी बोलत नाही.

‘झाले गेले विसरा, उगाळल्याने जखम चिघळते,’ असे म्हणणारे सगळेच दुष्ट नसतात. २००७च्या तंटामुक्त गाव मोहिमेमागेही समेटाचीच भावना होती, आणि बांधाच्या भांडणाला ती योग्यच आहे. पण खून आणि जाळपोळ म्हणजे तंटा नव्हे. ज्याला त्याच गावात राहायचे आहे आणि ज्याच्या समाजाची घरे तिथे मोजकी आहेत, तो मिटवा म्हटले की मिटवतो. अशा मिटवण्याला समेट म्हणता येत नाही. गजापूरबाबत गडावरच्या अतिक्रमणाकडे बोट दाखवले जाते. पण फोडलेली वस्ती गडावर नव्हतीच, आणि अतिक्रमण काढणे हे प्रशासनाचे काम आहे, जमावाचे नव्हे. हल्लेखोर बाहेरचे होते म्हणावे, तर ते गावापर्यंत पोहोचलेच कसे, याचे उत्तर गावाला मिळायला हवे.

जमावाच्या हिंसेसाठी जिल्ह्यागणिक जबाबदार पोलीस अधिकारी, भरपाईची योजना आणि शक्यतो सहा महिन्यांत निकाल, हे सर्वोच्च न्यायालयाने १७ जुलै २०१८ रोजीच बजावले आहे. विनंती एवढीच: या दोन्ही गावांच्या ग्रामसभेत त्या अधिकाऱ्याने स्वतः उभे राहून सांगावे की आधी काय माहिती होती, खटले कुठवर आले आणि कोणाला किती भरपाई पोहोचली.

आपला,
एक नागरिक
ट्रॉम्बे, मुंबई