चार दिवसांचे तांबे

चेन्नईत एग्मोरच्या सरकारी संग्रहालयात चोळकालीन धातुमूर्तींचे दालन आहे. लोक तिथे नटराजाच्या पावलाकडे बघतात. मला मात्र दरवेळी एक रुक्ष प्रश्न पडतो : एवढे तांबे आणले कुठून? कावेरीच्या गाळात ते नाही. कलाइतिहासकार विद्या दहेजिया यांनी समुद्रापलीकडे, श्रीलंकेतल्या सेरुविलाकडे बोट दाखवले आहे. तिथले तांब्याचे खनिज आधुनिक भूवैज्ञानिकांना १९७१ साली सापडले. हे अनुमानच आहे. पण श्रीलंकेचा मोठा भाग चोळांच्या ताब्यात होता हे ध्यानात घेतले तर ते अगदीच हवेतले वाटत नाही.

तमिळ मुलखाला स्वतःचे तांबे अजिबात नाही, असे मात्र म्हणता येत नाही. जुन्या दक्षिण अर्काट जिल्ह्यात मामंडूर नावाचे ठिकाण आहे. तिथे जस्त, शिसे आणि तांबे यांची गंधकयुक्त खनिजे एकत्र सापडतात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने तिथे नकाशे काढले, बोअर घेतले, खोलातून दगडाचे दांडे वर काढून तपासले. अभ्यासकांच्या दृष्टीने जागा मोठी रंजक आहे. तिथला दगड एके काळी कवचात अतिशय खोल, सातशे-आठशे अंशांच्या उष्णतेत भाजून निघाला. त्या भट्टीत मूळ खनिजांची मांडणी मोडली. काही धातू हलून भेगांत जाऊन बसला, तर काही जस्त गाह्नाइट नावाच्या टणक स्फटिकात अडकले आणि नेहमीच्या शुद्धीकरणाला दाद देईनासे झाले. या विषयावर परदेशी नियतकालिकांत निबंध आले. खाण झाली नाही.

का झाली नाही, याचे उत्तर चेन्नईच्या वेशीवरच मिळते. विमानतळाजवळ पल्लावरमच्या टेकड्यांत जो काळपट, तेलकट दिसणारा दगड आहे तो चार्नोकाइट. कोलकात्यातल्या जॉब चार्नॉकच्या थडग्याची शिळा याच जातीची निघाली, म्हणून थॉमस हॉलंड या भूवैज्ञानिकाने त्याला ते नाव दिले. मामंडूरप्रमाणेच हाही पाताळातला दगड. तांबे मोठ्या प्रमाणावर गोळा होते ते कवचाच्या वरच्या काही किलोमीटरांत. तिथे तापलेले, खारट पाणी भेगाभेगांतून फिरते, धातू विरघळवून आणते आणि थंड होताना सोडून देते. चिलीतल्या खाणी अशाच बनल्या. अँडीज वयाने कोवळा, त्याचे ते वरचे थर अजून शाबूत आहेत. तमिळनाडूत ते थर कोट्यवधी वर्षांपूर्वी झिजून समुद्रात गेले. आज आपण ज्यावर उभे आहोत ते त्या घराचे जोते आहे. माळ्यावरचे धान्य जोत्यात शोधून किती मिळणार?

मामंडूरचा हिशेब तसाच आहे. सरकारी नोंदीत सुमारे ८ लाख टन धातुक दाखवलेले आहे आणि त्यात तांबे शेकडा अर्ध्याच्या आसपास. म्हणजे धातू झाला साधारण ४ हजार टन. याच राज्यात तूतिकोरिनला तांबे वितळवण्याचा कारखाना होता, त्याची क्षमता वर्षाला ४ लाख टन. भागाकार करून पाहा : सगळे मामंडूर उपसले तरी त्या कारखान्याला चार दिवस पुरले नसते. कारखाना चालत होता तो बोटीने आलेल्या परदेशी मालावर.

या कारखान्याची कुळकथा मराठी वाचकाने विसरू नये. तो आधी रत्नागिरीत होणार होता. १९९२ साली ५०० एकर जमीन दिली गेली, बांधकाम सुरू झाले, आणि १९९३ मध्ये बागायतदार-मच्छीमारांच्या आंदोलनामुळे ते थांबले. कंपनी तमिळनाडूत गेली. तिथेही विरोध झाला; २२ मे २०१८ रोजी आंदोलकांवरच्या पोलिसांच्या गोळीबारात १३ माणसे मेली, त्याच महिन्यात कारखान्याला कुलूप लागले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचे अपील फेटाळले. त्या बंदीनंतर शुद्ध तांब्याच्या व्यापारात निर्यातदार असलेला देश आयातदार झाला.

ही टंचाई खरी आहे आणि तिच्यातूनच आजची घाई आली आहे. विजेच्या गाड्या, सौरऊर्जा, वाहिन्या, सगळीकडे तांबे लागते. २०२३ साली केंद्राने ३० महत्त्वाच्या खनिजांच्या यादीत ते घातले आणि त्याच वर्षी कायदा बदलून खोलवरच्या खनिजांच्या शोधासाठी वेगळा परवाना आणला. यात वावगे काही नाही. मला भीती वाटते ती भाषेची. ‘अमुक जिल्ह्यात तांब्याचा खजिना’ ही बातमी बहुतेक वेळा जुन्याच नोंदीवर टाकलेला नवा गुलाल असतो. न्यूबोल्ड नावाच्या मद्रास फौजेतल्या अधिकाऱ्याने १८४०च्या दशकात नेल्लोरपासून ‘दक्षिण मराठा देशा’पर्यंतच्या तांब्याच्या जागांवर सविस्तर लिहून ठेवले होते. कौतुकाने वाचावे असे लेखन आहे. त्याच्या मराठा देशात आज तांब्याची एकही चालू खाण नाही.

खडकावर मॅलाकाइट या तांब्याच्या खनिजाचा हिरवा डाग दिसतो, ती झाली नोंद. बोअर घेऊन, अंतरे मोजून, खाली इतके खनिज असावे असा अंदाज बांधला की ते संसाधन. ते काढून, दळून, वितळवून, पाणी-जंगल-पुनर्वसनाचा खर्च वजा करून चार पैसे उरतील असे दाखवता आले, तरच त्याला साठा म्हणायचे. वर्तमानपत्रात या तिन्हींना एकच शब्द असतो. पुढाऱ्यांच्या भाषणात तर तिन्हींची नोकरभरतीही एकदम होते.

आपल्याकडे हा धोका कुठे आहे ते सांगतो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या पट्ट्यात ठाणेवासना येथे तांबे आहे. अडीचशे कोटी वर्षांच्या आसपासचा ग्रॅनाइट, त्यात वायव्य-आग्नेय धावणारा चिरडलेल्या दगडाचा पट्टा, त्या भेगांत क्लोराइट आणि बॅराइटबरोबर पितळी चमकीचे तांब्याचे खनिज, चाल्कोपायराइट. हा पाताळातला दगड नव्हे. इथे तापलेले पाणी खरोखर फिरलेले आहे, म्हणून मामंडूरपेक्षा आशा जास्त. गोंदियापलीकडे बालाघाट जिल्ह्यातले मलाजखंडही असेच, प्राचीन ग्रॅनाइटमधले. पण मलाजखंडचा शोध १९६९ साली पद्धतशीर हाती घेतला गेला आणि खाण सुरू व्हायला १९८२ उजाडले. ती तर देशातली सर्वांत मोठी उघडी तांब्याची खाण ठरली. ठाणेवासनाचे तांबे अरुंद शिरांमध्ये आहे. शिरा खोलीत रुंदावतात की निमुळत्या होतात, हे ठरवायला लिलावाची बोली उपयोगाची नाही, बोअरच लागतात.

पोंभुर्णा, गोंडपिपरी, मूल भागातल्या वाचकांनो, ग्रामसभेत अधिकारी टनांचा आकडा सांगतील तेव्हा शेकडा किती तांबे, किती खोलीवर, किती बोअर घेऊन आणि नोंद, संसाधन की साठा, एवढे लेखी मागा. ते कागद हाती येईपर्यंत सातबारा पेटीतून काढू नका.