सर्वांना चालेल असा डबा



थंडी पडू लागली की घराघरांतून सहलीचे बेत सुरू होतात. दुकानाची सुट्टी साधून आमचे एकत्र कुटुंब दरवर्षी कुंभोजच्या बाहुबली डोंगरावर जाते. दर्शन, पूजा आणि नंतर झाडाखाली सहभोजन, हा ठरलेला क्रम. गेल्या वर्षी सर्वांचे डबे उघडले, खाकरे-ठेपले हातोहात फिरू लागले आणि माझा आठ वर्षांचा नातू आपला लहानसा डबा घेऊन सतरंजीच्या टोकाला जाऊन बसला. कोणाच्या खाकऱ्याचा चुरा आपल्या ताटलीत पडू नये म्हणून. तेथून त्याने विचारले, "आजी, माझा डबा सगळ्यांना चालतो. मग सगळ्यांचा डबा मला का चालत नाही?"

त्याला सीलिअ‍ॅक हा आजार आहे. गहू, जव आणि राय या धान्यांतील ग्लूटेन नावाच्या प्रथिनामुळे अशा व्यक्तीच्या लहान आतड्याच्या अस्तराला इजा होते. हे आहारातले नवे फॅड नव्हे. ही धान्ये आयुष्यभर वर्ज्य करणे हाच त्यावरील उपाय. घरात कोणाविषयी अशी शंका असेल, तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी: आधी डॉक्टरांकडून तपासणी, मग गव्हाचा त्याग. गहू आधीच सोडला तर तपासणीत आजार लपून राहू शकतो.

आपल्या प्रवासी शिदोरीचा सारा भार गव्हावर. खाकरा, ठेपला, पुरी, सुखडी, सर्व गव्हाचेच. 'गहू नको तर साबुदाणा आणि बटाटा न्या', असे शेजारणी प्रेमाने सुचवतात. त्यांत ग्लूटेन नाही हे खरे. परंतु बटाटा आपल्याला वर्ज्य आणि साबुदाणाही कसावा या कंदापासून होतो, म्हणून अनेक घरी तोही चालत नाही. मग उरते काय? पुष्कळ काही उरते. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, राजगिरा आणि सर्व कडधान्ये आपल्या हाताशी आहेत.

यंदा मी असा बेत केला. खाकऱ्याच्या जागी ज्वारीची कडक भाकरी. पातळ थापून, वर तीळ लावून, भाजल्यावर मंद आचेवर ओलावा पूर्ण जाईपर्यंत ठेवली की ती अनेक दिवस टिकते. त्यामुळे सहलीच्या पहाटे सूर्योदयापूर्वी चूल पेटवावी लागत नाही. लहानांसाठी सकाळी दुधात पीठ भिजवून मऊ दशम्या. सोबत शेंगदाण्याची चटणी, लसणाऐवजी जिरे घालून; कच्च्या केळ्याची सुकी भाजी; आपल्या सांगलीकडचे भडंग, तेही बिनलसणाचे, भरपूर कढीपत्त्याचे; आणि गोडाला राजगिऱ्याचे लाडू. उरलेले वासी होते, म्हणून ओले पदार्थ माणशी मोजून करावेत आणि सूर्यास्तापूर्वी डबे रिकामे व्हावेत.

खरी परीक्षा पदार्थांपेक्षा लपलेल्या गव्हाची आहे. बाजारातला हिंग बहुधा निव्वळ हिंग नसतो. त्यात पुष्कळदा गव्हाचे पीठ मिसळलेले असते, म्हणून डबीवरील मजकूर वाचावा. मेतकूट आणि थालिपिठाची भाजणी यांत अनेक घरी मूठभर गहू असतोच. गिरणीत गव्हामागून ज्वारी दळली तर ती निर्धोक राहत नाही. शक्य असल्यास घरघंटी केवळ बिनगव्हाच्या धान्यासाठी ठेवावी. पुरी तळलेले तेल, पोळीचे पोळपाट-लाटणे, कणकेची परात वापरू नये. विकतच्या पदार्थावर 'ग्लूटेनमुक्त' असे लिहायचे तर आपल्या देशाच्या नियमाप्रमाणे त्यात किलोमागे 20 मिलिग्रॅमहून अधिक ग्लूटेन असून चालत नाही. यावरून एका चिमटीचे महत्त्व कळावे.

हा बेत सर्व घरांसाठी एकच असावा, असे मी सुचवले तेव्हा एक जाऊबाई म्हणाल्या, "एका मुलासाठी पंचवीस माणसांनी पोळी सोडायची?" प्रश्न रास्त होता. उत्तर आमच्या सासूबाईंनी दिले. "चातुर्मासात आपण हिरवी भाजी सोडतो. तिथीला किती गोष्टी सोडतो. त्याग आपल्याला नवा आहे का? एक दिवस गहू सोडला तर काय बिघडले?" जाऊबाई गप्प झाल्या, आणि कडक भाकऱ्यांची निम्मी चळत त्यांच्याच घरून आली.

जयणा म्हणजे प्रत्येक कृतीतले सावधपण. पाणी गाळताना, धान्य निवडताना डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांची आपण काळजी घेतो. तीच नजर हिंगाच्या डबीकडे आणि पोळपाटाकडे वळवायची आहे, कारण येथे जपायचा जीव आपल्याच सतरंजीवर बसलेला असतो. त्याला वेगळा डबा दिला की त्याची प्रकृती सांभाळली जाते. सर्वांचा डबा त्याच्यासारखा केला की त्याचे मनही सांभाळले जाते.

यंदा नातू सतरंजीच्या मध्यभागी बसला. भावंडांच्या डब्यातले भडंग त्याने न विचारता उचलले. मी नेहमीच्या सवयीने "थांब" म्हणणार होते; मग आठवले, आज थांबवायचे कारणच नाही.

आपल्या घरी, आपल्या संघात असे कोणी मूल असेल तर पुढच्या सहलीपूर्वी सर्व घरांना एकदा फोन करावा. कडक भाकरीला दोन दिवस लागतात. तेवढी आगाऊ सूचना मात्र द्यावी.

जय जिनेंद्र.