धंद्यासाठी लॅपटॉप : आधी वही, मग दुकान



घरचा लहानसा धंदा चालवणाऱ्या कुटुंबांत हल्ली एक प्रश्न हमखास निघतो, "लॅपटॉप घ्यायचा आहे, कोणत्या कंपनीचा घेऊ?" जळगावच्या एमआयडीसीत चटईच्या कारखान्यांना लोखंडी कामे करून देणारा वेल्डर असो, धुळ्यात मंडप-साउंडचा व्यवसाय करणारा दादा असो, की घरी पापड-मसाले करून विकणारी बचत गटातली ताई असो, बिल छापून द्या, कोटेशन ई-मेलने पाठवा, अशी मागणी आज सर्वांकडेच होते. तेव्हा प्रश्न रास्तच आहे. पण कंपनीचे नाव हा शेवटचा प्रश्न. पहिला प्रश्न असा की, त्या यंत्राकडून आपल्याला नेमके कोणते काम करून घ्यायचे आहे?

म्हणून दुकानात जाण्यापूर्वी पंधरा दिवस एक साधी गोष्ट करा. शंभर पानी वही घ्या आणि रोज रात्री लिहा. आज बिले किती केली, कोटेशने किती दिली, उधारी किती राहिली, कोणते काम बाहेर पैसे देऊन टाइप करून घ्यावे लागले. पंधरा दिवसांनी ती पाने घरातल्या सर्वांनी मिळून वाचा. दिवसाला दोन-तीनच बिले होत असतील आणि मोबाइलवर भागत असेल, तर घाई करू नका. उद्यम नोंदणीदेखील मोबाइलवर होते आणि सरकारी संकेतस्थळावर तिला एक पैसाही फी नाही. काम एकाच जागी बसून होत असेल, तर टेबलावरचा संगणक तेवढ्याच पैशात जास्त काम देतो व दुरुस्तीलाही सोपा जातो; मात्र त्याला यूपीएस जोडावा लागतो. वीज गेली तरी काम चालावे, गिऱ्हाइकाच्या घरी नेऊन मंडपाचे नमुने दाखवता यावेत, दिवसा दुकानात आणि रात्री घरी हिशेब करता यावा, अशी गरज असेल तर लॅपटॉप घ्यावा.

दुकानदार भराभर इंग्रजी शब्द सांगतो आणि आपण मान हलवतो. तसे करू नका. तीनच गोष्टी विचारा. पहिली रॅम. रॅम म्हणजे काम करायचे टेबल. टेबल मोठे तितके कागद एकाच वेळी पसरता येतात. बिले, जीएसटी आणि पत्रव्यवहार यांना ८ जीबी पुरते. फ्लेक्सचे डिझाइन किंवा लग्नाच्या व्हिडिओचे काम असेल तर १६ जीबी घ्यावी. दुसरी गोष्ट साठवण, म्हणजे कपाट. ती एसएसडी प्रकारचीच मागा. जुनी फिरती हार्ड डिस्क मंद असते आणि धक्क्याने बिघडते. हिशेबाला २५६ जीबी चालते, ५१२ असेल तर उत्तम. तिसरी गोष्ट प्रोसेसर. अलीकडच्या पिढीचा आय-३ किंवा रायझन-३ हिशेबाला भरपूर झाला. व्हिडिओवाल्याने आय-५ किंवा रायझन-५ बघावा. फारच स्वस्त म्हणून ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी ईएमएमसी असलेला लॅपटॉप गळ्यात मारला जातो. त्यातली साठवण बोर्डावरच पक्की बसवलेली असते, नंतर बदलता येत नाही, आणि वर्षभरात तो रडू लागतो.

आणखी एक गोष्ट पाहा. कारखान्यांचे आणि करसल्लागारांचे बरेच हिशेब टॅलीवर चालतात, आणि टॅली विंडोजवर चालते. त्यामुळे टॅली लागणार असेल तर क्रोमबुकसारख्या यंत्राच्या स्वस्ताईला भुलू नका. "विंडोज आणि टॅली फुकट टाकून देतो" असे कोणी म्हणाले, तर ती चोरीची प्रत समजा. तिच्यातून व्हायरस शिरला तर वर्षाचा हिशेब एका रात्रीत जातो. फुकटच हवे असेल तर लिबरऑफिस नावाचे संच कायदेशीर फुकट मिळते. त्यात बिले, तक्ते आणि पत्रे सर्व होते. मराठी टायपिंगसाठीही पैसे देऊ नका. युनिकोड मराठीचा कीबोर्ड विंडोजमध्येच असतो, तो फक्त सुरू करावा लागतो.

ऐपत कमी असेल तर जुना लॅपटॉप घेण्यात कमीपणा नाही. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये हिंडा, चार ठिकाणी भाव विचारा. पण एक तारीख ध्यानात ठेवा. मायक्रोसॉफ्टने विंडोज-१० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपवला. विंडोज-११ ला इंटेलचा साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. म्हणून अनेक जुने लॅपटॉप स्वस्तात बाजारात येतात; दिसायला चकचकीत, पण सुरक्षेच्या दृष्टीने उघडे. ज्यावर विंडोज-११ रीतसर चालते तोच घ्या. चार्जर काढून अर्धा तास चालवून बघा, आणि बिलाशिवाय पैसे देऊ नका.

आपला खानदेश उन्हाळ्यात ४५ अंशांपर्यंत तापतो. वर्कशॉपमध्ये ग्राइंडरची लोखंडी धूळ उडते. लॅपटॉपचा पंखा ती धूळ आत ओढतो, यंत्र तापते व मंदावते. म्हणून तो वेल्डिंगच्या जागेपासून दूर, कठीण टेबलावर ठेवा. गादीवर किंवा उशीवर नको. सर्व्हिस सेंटर आपल्या शहरात आहे की नाशिकला जावे लागेल, हे घेण्यापूर्वीच विचारा. दुरुस्तीसाठी नाशिकची एक खेप म्हणजे एका दिवसाची मजुरी आणि गाडीभाडे.

आता पैशाचे बोलू. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे. ४० हजारांच्या बिलात ६ हजार १०२ रुपये कराचे असतात. तुमचा धंदा नेहमीच्या पद्धतीने जीएसटीत नोंदलेला असेल, तर बिलावर धंद्याचे नाव व जीएसटी क्रमांक घाला. हा कर आपल्या भरायच्या करातून वजा होतो. कंपोझिशनमध्ये असणाऱ्यांना ही सवलत नाही. "बिनव्याजी हप्ता" या शब्दांनीही हुरळून जाऊ नका. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते. रोखीने किती आणि हप्त्याने एकूण किती, प्रोसेसिंग फी धरून, हे दोन आकडे कागदावर मागा. फरक तेथेच दिसेल.

कर्जच काढायचे तर धंद्याच्या नावाने काढा. ८ एप्रिल २०१५ पासून सुरू असलेल्या मुद्रा योजनेत 'शिशु' गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळते आणि त्याला तारण लागत नाही. १९७८ साली स्थापन झालेल्या महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या कर्जयोजना अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठीच आहेत. त्याच्या जिल्हा कार्यालयात जाऊन चालू योजना आणि लागणारे कागद यांची माहिती स्वतः घ्या, दलालाच्या तोंडून नको.

खरेदीच्या दिवशी, जी व्यक्ती रोज त्यावर बसणार आहे तिला सोबत न्या. बहुतेक घरांत हिशेब वहिनी किंवा एमएस-सीआयटी केलेली मुलगी पाहते, आणि दुकानात मात्र पुरुष मंडळीच जातात. कीबोर्ड हाताला बसतो का, पडद्यावरची अक्षरे डोळ्यांना त्रास देत नाहीत ना, हे तिने ठरवावे. पासवर्डही तिच्याकडे असावा. मुलांचे गेम त्यावर नकोत.

आपल्यापैकी बहुतेकांकडे गहाण टाकायला शेत नाही, जामीन राहायला श्रीमंत नातेवाईक नाही. बँकेच्या साहेबासमोर आपल्या बाजूने बोलतो तो फक्त आपला हिशेब. दोन वर्षांची बिले, जमा-खर्च आणि उधारीची वसुली स्वच्छ मांडलेली असेल, तर उद्या मोठी मशीन घेताना आपला शब्द वजनदार ठरतो. लॅपटॉपची किंमत वसूल होते ती अशी.

तेव्हा यंत्र घरी आले की पहिल्याच दिवशी उधारीची यादी त्यात उतरवा. दर शनिवारी सर्व हिशेबाची एक प्रत पेन ड्राइव्हवर घ्या आणि तो लॅपटॉपच्या पिशवीत न ठेवता कपाटात ठेवा. आणि ती शंभर पानी वही टाकून देऊ नका. वीज नसेल त्या दिवशी तीच कामास येईल.