शिधापत्रिकेचा रंग

महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा लाभ पांढरी शिधापत्रिका असलेल्या घरांसही मिळतो काय, अशी पृच्छा कांहीं वाचकांनीं केली आहे. २०१२ सालीं ही योजना निराळ्या नांवानें ८ जिल्ह्यांत सुरू झाली, तेव्हां ती मुख्यत्वें पिवळ्या व केशरी पत्रिकांपुरती होती. मर्यादा कुटुंबामागें वर्षास दीड लाख रुपये. २०२३ च्या निर्णयानें मर्यादा ५ लाखांवर गेली व रंगाचा भेद उठला. तेव्हां लाभ मिळतो.

परंतु कागदावरून उठलेला भेद रुग्णालयाच्या दारांतूनही उठला, असें मानण्याइतके आम्ही भोळे नाहीं. लहान मुलांच्या अतिदक्षता विभागांतील खाटा मोजक्या, आणि त्याही बहुतेक शहरांत. अक्कलकुव्याच्या पाड्यावरील बाप मूल घेऊन नाशकास येतो, तेव्हां कोणत्या खिडकीशीं उभें राहावें हेंही त्यास ठाऊक नसतें. आमच्यापैकीं एखादा गृहस्थ मात्र थेट आरोग्यमित्रास गांठतो आणि वाटेंतच ओळखीच्या डॉक्टरास दूरध्वनि करतो. हक्क दोघांचा सारखाच!

पैशाचेंही तसेंच. प्रत्येक उपचाराचा दर सरकारनें ठरविलेला. तो परवडत नाहीं व रक्कम वेळेवर येत नाहीं, ही रुग्णालयांची जुनी तक्रार. ती खरी असेल तेथें मर्यादा ५ लाख लिहिली काय नि ५० लाख लिहिली काय, खाट रिकामी नाहीं हेंच उत्तर मिळावयाचें. शिवाय मर्यादा सर्व कुटुंबाची मिळून आहे; आजोबांच्या शस्त्रक्रियेनंतर उरेल तें नातवाचें.

ड्रिलच्या मैदानावर धांप लागणारीं मुलें आम्ही पुष्कळ पाहिलीं. पूर्वीं तीं ‘अशक्त’ म्हणून बाजूस बसत, इतकेंच. २०१३ सालीं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम निघाला; त्याचीं पथकें शाळेंतील मुलांस वर्षांतून एकदां व अंगणवाडींतील मुलांस दोनदां तपासतात. हृदयास छिद्र आहे हें आतां बापास वेळेवर कळतें. पण कळल्यावर खाट न मिळणें, हें न कळण्याहून क्रूर आहे.

मुंबई उच्च न्यायालयानें २००६ सालीं मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनीं १० टक्के खाटा निर्धनांस मोफत व १० टक्के दुर्बलांस सवलतीनें द्यावयाच्या असतात. आमच्या वाचकांत अशा रुग्णालयांचे विश्वस्त असतील. त्यांनीं पुढील सभेंत विचारावें, कीं गतवर्षीं त्या खाटांवर मुलें किती निजलीं, व कोणत्या तालुक्यांतून आलीं? उत्तर मिळाल्यास आम्हांस कळवावें. पुढील अंकीं त्यासाठीं जागा राखून ठेविली आहे.