सत्तेचाळीस डिग्रीच्या गावात स्वेटर?

आधी हसून घ्या. मी थांबतो.

मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरी ही नावं देशातल्या सर्वांत तापलेल्या गावांच्या यादीत येतात, पारा ४६-४७ च्या घरात जातो आणि आपण टीव्हीवर आपल्याच गावाचं नाव बघून उगाच अभिमानानं कुलर जवळ ओढतो. अशा मुलखातला एक पोट्टा तुम्हाला सांगतोय की, दिवाळी झाली की दोन सुया आणा, दोन रंगांची लोकर आणा आणि एक साधा, पट्ट्यापट्ट्यांचा स्वेटर विणा. स्वतःच्या हातानं. मुलगा असाल तरीही.

झालं हसून? आता हे सांगा, डिसेंबरात पहाटे साडेपाचला ग्राउंडवर रनिंगला गेलायत कधी? वडसा, गडचिरोली, मूल, कुठंही. सोळाशे मीटरचा पहिला राऊंड होईपर्यंत हाताची बोटं आपली वाटत नाहीत. दुपारी ऊन खातंय आणि रात्री पारा दहाच्या आसपास, कधी त्याच्याही खाली. जंगलाच्या कडेच्या गावांत तर संध्याकाळी सातलाच शेकोटी पेटते. म्हणजे दोन महिने का होईना, स्वेटर आपल्याला लागतो.

पण लागतो म्हणून विणा, असं माझं म्हणणं नाही. लागतो तो बाजारात मिळतो. माझं म्हणणं वेगळं आहे.

मी चार वर्षं अभ्यासिकेत बसतोय. पोलीस भरती, वनरक्षक, तलाठी, परत पोलीस भरती. हे वाचणाऱ्या निम्म्या जणांची कहाणी हीच असणार. जाहिरातीची वाट बघायची, मग फॉर्म, मग हॉल तिकीट, मग उत्तरतालिका, मग तिच्यावरच्या हरकती, मग कटऑफ. रोज आठ-दहा तास खपायचं आणि घरी आल्यावर कुणी साधं विचारलं, ‘आज का केलंस बाबू?’, तर दाखवायला काही नाही. वाचलं, हे दाखवता येत नाही. चार वर्षांत मी केलेली, हातात धरता येईल अशी एकही वस्तू माझ्याकडे नव्हती. गेल्या हिवाळ्यात ती झाली. बाबांचा स्वेटर. बाबा रात्रपाळीचे चौकीदार आहेत.

शिकवलं शेजारच्या काकूंनी. त्यांच्या लग्नातल्या रुखवतात लोकरीची बदकं होती म्हणे. नंतर गल्लीतल्या प्रत्येक बाळाचं टोपडं आणि मोजे त्यांनीच विणले. मला हे काम शाळेतच यायला हवं होतं. कार्यानुभवाच्या तासाला मुलींना सुया-लोकर मिळायची आणि आम्हाला पुठ्ठा-फेविकॉल. तेव्हा वाटलं, सुटलो.

काकूंनी पहिल्या दिवशी स्वेटर सुरूच करू दिला नाही. तीस टाके घाल आणि एक चौकोन विणून आण, म्हणाल्या. मला राग आला, चौकोन कुणाला घालू? पण सगळी मेख त्या चौकोनातच असते. त्यात पट्टी ठेवून मोजायचं, दहा सेंटिमीटरमध्ये किती टाके बसतात. माझे बावीस बसले. बाबांची छाती ९२, ढगळपणासाठी आठ वाढवले, झाले १००. पाठीचा भाग त्याच्या निम्मा, म्हणजे ५० सेंटिमीटर, म्हणजे ११० टाके आणि शिवणीत जाणारे दोन. एकशे बारा. ज्या गुणोत्तर-प्रमाणानं मला दोन पेपरात रडवलं होतं, ते तिथं वीस सेकंदांत सुटलं. तुमचे बावीस बसणार नाहीत. कुणाचे वीस, कुणाचे पंचवीस. प्रत्येकाचा हात वेगळा, म्हणून दुसऱ्याचा आकडा उचलायचा नाही.

सामान साधंच घ्या. चार प्लायची ॲक्रिलिक लोकर, आठ नंबरच्या सुया आणि खालच्या काठासाठी दहा नंबरच्या. सुयांचा नंबर वाढला की सुई बारीक होते, हे दुकानात जाण्याआधी माहीत असू द्या. मी उलटं समजून परत आलो होतो. काळी किंवा गडद निळी लोकर पहिल्यांदा घेऊ नका, ट्यूबलाइटखाली टाकाच दिसत नाही. मी राखाडी आणि मोहरीसारखा पिवळा घेतला.

काठ एक सुलट, एक उलट असा विणायचा. म्हणजे तो रबरासारखा ताणतो आणि अंगाला धरून बसतो. त्यानंतर एक सुई सुलट, एक सुई उलट. एवढंच. पाठ एक चौकट, पुढचा भाग तशीच दुसरी चौकट. गळ्याला आकारच द्यायचा नाही, खांदे जोडताना मध्ये डोकं जाईल एवढी फट सोडायची. ‘फॅशन म्हन त्याले,’ इति काकू.

आणि पट्टेच का? मला वाटायचं, पट्टे म्हणजे अवघड काम, एकरंगी सोपं. उलट आहे. एकरंगी विणताना किती झालं, हे कळतच नाही. राखाडी समुद्रात पोहत राहायचं. पट्टा दर चार सुयांनी संपतो. आज दोन पट्टे झाले, हे आंधळ्यालाही बोटानं मोजता येतं. पाठीला अडतीस पट्टे झाले की पुढच्या भागालाही अडतीसच करायचे, टेप लावायची गरज नाही. एकच नियम पाळायचा, पट्टा नेहमी समसंख्येच्या सुयांचा ठेवायचा. दोन, चार किंवा सहा. कारण सम सुया झाल्या की आपण परत त्याच कडेला येतो, जिथं पहिल्या रंगाची लोकर लटकत असते. ती उचलायची आणि पुढं चालायचं. तीन सुयांचा पट्टा केलात तर तुम्ही एका टोकाला आणि लोकर दुसऱ्या टोकाला. मग काप, गाठ मार, टोकं लपव. आणि रंग बदलायचा तो सुलट सुईच्या सुरुवातीला, म्हणजे सगळी जोडणी एकाच कडेला राहते आणि शिवणीत दडून जाते.

आता खरी गोष्ट. माझे ११२ टाके नऊ सेंटिमीटर विणून होईपर्यंत ११९ झाले होते. कुठून आले? काठ विणताना उलट टाक्यानंतर लोकर मागं न्यायची राहिली की सुईवर आपोआप एक फालतू वेढा पडतो. पुढच्या सुईला आपण भाबडेपणानं त्यालाही टाका समजून विणतो आणि खाली भोक राहतं. माझ्या काठाला सात भोकं होती. मी म्हटलं, चालतंय, आत खोचलं की कुणाला दिसतंय. काकूंनी सुई ओढून काढली आणि लोकर सरसर उसवली. सहा दिवसांचं काम अर्ध्या मिनिटात गेलं. मला अक्षरशः पोटात ढवळलं.

पण मग त्यांनी ती कुरळी झालेली लोकर पुन्हा गुंडाळून माझ्या हातात दिली. पूर्ण. एक वीतही वाया गेली नव्हती. आमच्या परीक्षांत असं होत नाही हो. तिथं चुकलेलं वर्ष गेलं म्हणजे गेलं आणि बऱ्याचदा कुठं चुकलं, तेही कुणी सांगत नाही. इथं चूक दिसते, कुठं झाली ती जागा दिसते, आणि तीच लोकर परत वापरता येते. मला एवढ्यासाठी म्हणायचंय की विणा.

सगळंच उसवावं लागत नाही, हेही सांगून ठेवतो. टाका निसटून खाली घरंगळला तर क्रोशाच्या आकडीनं पायरी-पायरीनं वर चढवता येतो. आणि विणलेल्या कापडाच्या कडा आत वळायला लागल्या की घाबरू नका, सुलट-उलट विणकाम वळतंच. शिवलं की सरळ होतं. मी त्या भीतीनं दोन दिवस हात लावला नव्हता.

मी बरंच काम रेल्वेत केलं. वडसा ते चांदाफोर्ट. नागभीड गेलं, सिंदेवाही गेली की पुढं केळझरपर्यंत बाहेर जंगल आणि मोबाईलला रेंज नाही. सुया काढायला याच्याहून चांगली जागा नाही. पहिल्या दिवशी समोरच्या पाहुण्यानं विचारलंच, ‘का बे, पोरीचं काम करून राहिला?’ डबा हसला. मीही हसलो, कारण काय बोलावं सुचेना. नंतर सुचलं. टॉम डेली नावाचा ब्रिटिश डायव्हर. टोकियो ऑलिम्पिकमध्ये गोल्ड मेडल जिंकल्यावर तो प्रेक्षकांत बसून विणत होता आणि तो फोटो जगभर फिरला. पेरू देशात टिटिकाका सरोवरात टाकिले नावाचं बेट आहे. तिथं टोप्या विणतात ते पुरुषच, पोरं लहानपणीच शिकतात, आणि त्या बेटाच्या वस्त्रकलेला युनेस्कोनं २००५ मध्ये मानवतेचा अमूर्त वारसा म्हणून मान दिला. पाहुण्याला हे ऐकवायला आता पाहुणा भेटत नाही. पण त्याच डब्यात एका मावशीनं माझ्या हातून सुया घेतल्या, दोन सुया फटाफट विणून दिल्या आणि ‘हात ढिला ठेव बाबू’ म्हणून मुलला उतरून गेली. तो पट्टा अजून ओळखू येतो, माझ्यापेक्षा एकसारखा आहे.

हात ढिला ठेवणं मला जमलं नाही, ते सोडा. पाठीवरचा एक पट्टा इतका आवळलेला आहे की तिथं स्वेटर किंचित चिमटला जातो. त्या दिवशी निकाल होता.

पैशांचं खरं खरं सांगतो. लोकर आणि सुया धरून मला सहाशेच्या आसपास गेले. तसलाच स्वेटर थंडीच्या बाजारात साडेतीनशेला मिळतो. तिबेटी लोकांच्या दुकानांतून आपण घेतो ना, तो. अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावला तिबेटी निर्वासितांची मोठी वसाहत आहे, आपल्या वडशापासून काही फार लांब नाही. आपल्याला वाटतं, ते स्वेटर ही माणसं घरी बसून विणतात. तर तसं नाही. बहुतेक माल लुधियानाच्या कारखान्यांत मशीनवर होतो. तो घाऊक, बऱ्याचदा उधारीवर उचलायचा, थंडीचे दोन-तीन महिने परगावी दुकान लावायचं आणि हंगाम संपला की उधारी फेडायची, असा त्यांचा धंदा. थंडी पडली नाही तर त्यांचं वर्ष बुडतं. स्वस्त स्वेटरच्या मागं कुणाची तरी वाट बघणं असतंच.

(आणि आपल्या मेंढ्या? चंद्रपूर-गडचिरोलीत कुरमार मेंढपाळ आहेतच. पण दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी, तिची घोंगडी होते आणि ती पावसात एक नंबर. गळ्याशी घातली तर खाजवून जीव जाईल.)

मित्र म्हणाला, ऑर्डरी घे, इन्स्टावर पेज काढ. मी हिशेब केला. पाठ, पोट, दोन बाह्या मिळून पन्नास हजारांवर टाके. उसवाउसवी धरून मला साधारण सत्तर तास लागले. तासाला पन्नास रुपये धरले तरी मजुरीच साडेतीन हजार. कोण घेणार आपल्याकडे? प्रत्येक गोष्टीचं स्टार्टअप करायलाच पाहिजे, हा एक नवीन आजार आहे. जी गोष्ट विकायची नाही अशी एक तरी करून बघा.

दुसरा मित्र जास्त खरं बोलला. ‘तेच सत्तर तास अभ्यासाला दिले असतेस तर?’ कदाचित फरक पडला असता. मी खोटं बोलणार नाही. रोज चाळीस मिनिटं विणायचो. ती पूर्वी रील्समध्ये जायची, हे खरं. पण ‘आणखी एकच पट्टा’ म्हणत मी चालू घडामोडी टाळल्या, असेही दिवस होते. आणि हेही स्पष्ट म्हणतो, विणकामानं जाहिरात निघत नाही. रखडलेल्या भरतीवर उपाय म्हणून कुणी आपल्या हातात छंद ठेवायला आलं तर त्याला सुया परत करा. जागा मागायच्या त्या मागायच्याच. सुया आपल्यासाठी, मधल्या वेळेसाठी.

स्वेटर जानेवारीच्या शेवटी झाला, म्हणजे थंडी जवळजवळ संपताना. एका बाहीला २४ पट्टे, दुसरीला २६. शिवताना उजव्या कुशीला एक पट्टा पुढंमागं झाला, तिथं राखाडीला पिवळा भिडलाय. मी म्हटलं, बाबा द्या, बाही उसवून सारखी करतो. ते म्हणाले, राहू दे, काठी धरतो तो हात झाकते. त्या रात्री ते घालून ड्युटीवर गेले. सकाळी आले तर त्यांच्याबरोबरच्या चौकीदारानं विचारलं होतं म्हणे, कुठून घेतला. काय सांगितलं, ते मला त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

पिवळी लोकर थोडी उरलीय. टोपी होते का, म्हणून काकूंना विचारलं. होते म्हणाल्या, पण चार सुयांवर, गोल. त्या सुया आणायच्या राहिल्यात. सध्या ऊन फार आहे.