तीन दिवस कोणीच विचारले नाही

लूकच्या शुभवर्तमानात बारा वर्षांच्या येशूची एक गोष्ट आहे. वल्हांडणाचा सण आटोपून नाझरेथचे यात्रेकरू परतीच्या वाटेला लागतात. मुलगा तांड्यात कुठेतरी असेल असे धरून आईवडील दिवसभर चालतात, मग नातेवाइकांत शोधतात आणि तो नाही म्हटल्यावर पुन्हा यरुशलेम गाठतात. तीन दिवसांनी तो मंदिरात गुरुजनांमध्ये बसलेला सापडतो. या उताऱ्यावरच्या प्रवचनांत मरियेची काळजी येते, मुलाची बुद्धी येते. ते गुरुजन मात्र सहसा सुटून जातात. त्याच्या उत्तरांनी ऐकणारे थक्क झाले, असे लूक नोंदवतो. पण ‘बाळा, तू कोणाचा? घरी ठाऊक आहे का?’ असे त्यांच्यापैकी कोणी विचारल्याची नोंद नाही. आपल्याकडच्या चर्चमधील अनेक तरुण गटांची तऱ्हा काहीशी अशीच आहे. पोर गिटार छान वाजवते, प्रार्थनेला वेळेवर येते, शिबिरात पुढे असते, याचे सगळ्यांना कौतुक; त्याच्या घरी आपण काय कळवले आहे, हा प्रश्न फारसा कोणाला पडत नाही.

वसईकडच्या धर्मग्रामांतले युवा गट घ्या, नगर-जालन्याच्या मंडळ्यांतले तरुण संघ घ्या किंवा पुण्या-मुंबईतल्या स्वतंत्र चर्चमधले ‘यूथ’ घ्या. कारभार साधारण सारखाच चालतो. एक उत्साही प्रमुख, चार-पाच जणांची समिती आणि मोबाइलवरचा एक व्हॉट्सॲप ग्रुप. नववीतली मुलगी आणि नोकरीला लागलेला पंचविशीतला तरुण एकाच ग्रुपवर असतात. शनिवारी रात्री साडेदहाला निरोप पडतो : ‘उद्या मिस्सानंतर लगेच निघायचे, दोनशे रुपये आणा, आईबाबांना सांगा.’ हा निरोप नीट वाचावा. जायचे कुठे, गाडी कोणाची, बरोबर मोठे कोण, परत किती वाजता, यातले काहीही त्यात नाही. आणि जे सांगायला हवे ते सांगण्याची जबाबदारी शेवटच्या दोन शब्दांत मुलावरच टाकली आहे. मुलगी घरी सांगते तेही दोनच शब्दांत : ‘चर्चचे आहे.’ सिनेमाला जायचे म्हटले असते तर आईने दहा प्रश्न विचारले असते. ‘चर्चचे आहे’ म्हटल्यावर ती एकही विचारत नाही. डिसेंबरात कॅरल गात घरोघर फिरणारी मुले मध्यरात्री कोणाच्या तरी दुचाकीवर मागे बसून परततात, तेव्हाही घराघरांत याच दोन शब्दांचा आधार असतो. पिढ्यान्पिढ्या कमावलेला हा विश्वास मोठा आहे, म्हणूनच त्याच्या जोरावर काम उरकून नेणे बरे नाही. गटाच्या कामकाजातली प्रत्येक गोष्ट पालकांपुढे उघडी असली पाहिजे आणि मुलाने विश्वासाने सांगितलेले मनातले गटाने जपले पाहिजे. या दोन गोष्टी वेगळ्या ओळखता आल्या, तर या विषयावरचे बरेचसे वाद मिटतील.

पहिले कारण श्रद्धेचेच. तरुण गट हवा कशाला, तर मुलांची श्रद्धा टिकावी म्हणून, असे सांगितले जाते. अमेरिकेत २००२-०३ मध्ये तेरा ते सतरा वयाच्या ३,२९० मुलामुलींची टेलिफोनवरून पाहणी झाली. समाजशास्त्रज्ञ ख्रिश्चन स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्यातून काढलेला निष्कर्ष असा, की मुलांच्या धार्मिक आयुष्यावर सर्वांत मोठा प्रभाव आईवडिलांचा असतो. प्यू संशोधन केंद्राच्या २०२० च्या अहवालातही बहुतेक मुले आईवडिलांच्याच पंथाची निघाली. मात्र धर्म आपल्या आयुष्यात अतिशय महत्त्वाचा आहे असे पालकांपैकी ४३ टक्क्यांनी सांगितले, तर मुलांपैकी केवळ २४ टक्क्यांनी. हे आकडे अमेरिकेचे आहेत, ते जसेच्या तसे वसईला किंवा नगरला लावता येणार नाहीत. पण ज्या समाजात मूल अठराव्या वर्षी घर सोडते तिथे आईवडिलांचा प्रभाव एवढा असेल, तर लग्नानंतरही मुलगा आईच्या हातचे जेवतो त्या समाजात तो कमी कसा असेल? मुलाच्या आणि पालकाच्या श्रद्धेत अंतर पडत असेल, तर ते दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून भरून निघणार नाही.

धर्मसभांची शिकवणही याला धरूनच आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये शिक्षणावर काढलेल्या घोषणापत्रात आईवडिलांना मुलांचे पहिले आणि प्रमुख शिक्षक मानले. १९८३ च्या कॅथलिक धर्मसंहितेच्या २२६ व्या कलमाने ख्रिस्ती संगोपन हे पालकांचे कर्तव्य आणि त्यांचा हक्क ठरवला. बाप्तिस्म्याच्या वेळी वेदीपुढे उभे राहून वचन देतात ते आईवडील आणि धर्ममातापिता. युवा प्रमुख तिथे नसतो. ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’मध्ये किंवा इतर प्रोटेस्टंट मंडळ्यांत जिथे बालकांचा बाप्तिस्मा होतो, तिथेही वचन घरच्यांचेच. तरुणांची वेगळी संघटना ही तर तुलनेने अलीकडची गोष्ट. अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात १८८१ साली फ्रान्सिस क्लार्क या पाळकांनी ‘ख्रिश्चन एन्डेव्हर’ सुरू केली आणि तो नमुना मिशनऱ्यांबरोबर जगभर गेला. त्याआधीची अठरा शतके श्रद्धा मुख्यतः घरातून आणि सगळ्या वयांच्या एकत्र उपासनेतून पुढे गेली. वेगळा गट उपयोगी आहे, पण तो कुटुंबाच्या मदतीला आलेला आहे. मदतनिसाने घरधन्याला अंधारात ठेवून चालत नाही.

दुसरे कारण सुरक्षिततेचे, आणि ते अधिक निकडीचे. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलणे झाले होते. त्यांतल्या निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक छळ सोसल्याचे सांगितले, आणि छळ करणाऱ्यांत निम्मे जण मुलाच्या ओळखीचे किंवा विश्वासाच्या जागी असलेले होते. बाललैंगिक अत्याचारांची चौकशी करणाऱ्या इंग्लंडमधील स्वतंत्र आयोगाने ऑक्टोबर २०२० च्या अहवालात नोंदवले, की १९४० च्या दशकापासून २०१८ पर्यंत चर्च ऑफ इंग्लंडशी निगडित ३९० जणांना अशा गुन्ह्यांत शिक्षा झाली. त्यांत धर्मगुरू होते, तसेच चर्चमध्ये विश्वासाची पदे सांभाळणारे इतरही होते. ही माणसे सगळीकडे असतात, चर्चमध्येही येतात. त्यांची रीतही ठरलेली असते : मुलाला खास वागणूक द्यायची, एकट्याला घरी सोडायला जायचे, रात्री उशिरा खासगी संदेश पाठवायचे आणि ‘हे आपल्यातच’ म्हणत मूल आणि घर यांच्यात हळूहळू भिंत उभी करायची. ज्या गटात घराला काही कळवायची पद्धतच नाही, तिथे ही भिंत त्यांना आयती मिळते.

आपल्या कायद्याने हे ओळखले आहे. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार अठरा वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे. धार्मिक संस्थेच्या व्यवस्थापनातल्या किंवा सेवेतल्या माणसाने त्या संस्थेतल्या बालकावर केलेला लैंगिक अत्याचार हा कायदा अधिक गंभीर गुन्हा मानतो. गुन्हा कळूनही पोलिसांना न कळवणारा शिक्षेस पात्र ठरतो. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला, तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरात शाळेतल्या लहान मुलींवरील लैंगिक अत्याचार उघड झाल्यावर पालक रेल्वेच्या रुळांवर उतरले. त्यांचा संताप गुन्ह्यावर होता, तितकाच तक्रारीची दखल घ्यायला लागलेल्या उशिरावरही होता. त्यानंतर शाळांच्या दारात विचारले जाऊ लागलेले प्रश्न चर्चच्या दारात विचारायला दुसऱ्या बदलापूरची वाट पाहू नये.

करायचे काय, हे अवघड नाही. वर्षाचा कार्यक्रम जूनमध्येच छापून प्रत्येक घरी द्यावा. बाहेरगावच्या प्रत्येक सहलीसाठी आणि शिबिरासाठी एका पानाची चिठ्ठी पालकाच्या सहीने परत यावी : ठिकाण, वाहन, सोबतच्या मोठ्या माणसांची नावे आणि नंबर, मुलामुलींच्या झोपण्याची व्यवस्था, परतीची वेळ आणि मुलाला दमा, फिट किंवा कशाची ॲलर्जी असल्यास त्याची नोंद. पालकांसाठी वेगळा ग्रुप असावा आणि त्यावर निरोप प्रमुखानेच टाकावा. अठरा वर्षांखालच्या मुलांसोबत नेहमी किमान दोन प्रौढ असावेत, आणि त्यांतल्या कोणी मुलाला एकट्याला खासगी संदेश पाठवू नयेत. समितीत दोन पालक असावेत, त्यांतली एक आई. पालकांचा सहभाग म्हणजे शिबिरात बिर्याणी शिजवायला आणि गाडीभाडे भरायला बोलावणे, ही समजूतही सोडायला हवी. मंडळीत नर्स असतात, शिक्षक असतात, बँकेत आयुष्य घालवलेले असतात. परीक्षेचा ताण, व्यसने, पैशांचा हिशेब या विषयांवर मुलांशी बोलायला बाहेरून वक्ते आणायची गरज नसते.

याला पहिला आक्षेप तरुणांचाच असतो. आईबाबा समोर बसले तर आम्ही बोलणार काय? आक्षेप खरा आहे. पंधराव्या वर्षी मुलाला घराबाहेरचे एखादे मोठे माणूस लागते, ज्याला ‘माझा प्रार्थनेवर विश्वास राहिलेला नाही’ असे सांगता येईल. लूकच्या गोष्टीतही मुलगा ‘तुम्ही मला शोधलेच का’ असे उलट विचारतो, आणि ते आईवडिलांना उमगत नाही. कार्यक्रम आणि मन यांत फरक करायचा तो यासाठीच. पालकाला सहलीचे ठिकाण कळलेच पाहिजे. गटचर्चेत मुलगी काय म्हणाली, हे कळण्याची गरज नाही. पालकांचा ग्रुप म्हणजे चहाड्यांची पेटी नव्हे, हे प्रमुखाने पहिल्याच बैठकीत पालकांना बजावावे. याला एकच अपवाद : जिवाला किंवा शरीराला धोका. तो दिसला तर गुप्तता संपते, आणि हेही मुलांना आधीच सांगून ठेवावे. धोका घरातूनच असेल, तर पालकांना कळवणे हा उपाय ठरत नाही. तिथे पोलीस किंवा १०९८ हा बालकांच्या मदतीचा क्रमांक हाच मार्ग. घराला कळवण्याचा आग्रह हा मुलाच्या भल्यासाठी आहे. ते भले ज्या घरात नाही, तिथे तो आग्रहही नाही.

दुसरा आक्षेप गट चालवणाऱ्यांचा. हे सगळे बिनपगारी काम, स्वतःच्या नोकऱ्या सांभाळून करायचे. त्यात चिठ्ठ्या कोणी गोळा करायच्या? आणि बैठक ठेवली तरी पालक येतात कुठे? पहाटेच्या लोकलने दादरला फुले घेऊन जाणारी आई आणि पाळीवर काम करणारे वडील रविवारी दुपारी दोन तासांच्या सभेला येणार नाहीत, हे मान्य. मग सभा त्यांच्या सोयीने घ्यावी. रविवारच्या मिस्सानंतर किंवा उपासनेनंतर मंडळी आवारात रेंगाळतेच. तिथे उभ्या उभ्या दहा मिनिटे पुरतात. चिठ्ठीचा नमुना एकदा केला की वर्षानुवर्षे चालतो. पालक येत नाहीत ही तक्रार करण्याआधी त्यांना काम देऊन बोलावले होते का, हे तपासावे. वर्षभर काही न कळवता एकदम वर्गणीसाठी बोलावलेला माणूस पाठ फिरवतो, हा अनुभव तर प्रत्येक सार्वजनिक मंडळाला आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत नाजूक : हे नियम म्हणजे फादरांवर, पाळकसाहेबांवर, वर्षानुवर्षे राबणाऱ्या मुलांवर अविश्वास नाही का? नाही. पास्टोरेट कमिटी दरवर्षी हिशेब तपासून घेते, त्यात खजिनदाराला चोर म्हटलेले नसते. उलट, उद्या कोणी शंका घेतली तर सह्यांचे ते पानच त्याच्या बाजूने उभे राहते. आज तर अशा लेखी नोंदीची गरज अधिक आहे. कॅरलच्या सरावाला वर्गातली हिंदू, मुसलमान मित्रमंडळीही हौसेने येतात. त्यांच्या घरी स्पष्ट कळवून, परवानगी घेऊनच त्यांना सामील करणे हा शेजारधर्म आहे, आणि नंतरच्या गैरसमजांवरचा सर्वांत स्वस्त उपायही.

लूकच्या गोष्टीचा शेवट विसरता येण्यासारखा नाही. मुलगा आईवडिलांबरोबर नाझरेथला परत जातो, त्यांच्या आज्ञेत राहतो आणि ज्ञानाने वाढतो. मंदिरातली ती चर्चा कितीही तेजस्वी असली, तरी त्याची पुढची वाढ घरीच झाली. आगमनकाळ सुरू झाला की कॅरलच्या फेऱ्यांची यादी लागेल आणि ग्रुपवर पुन्हा निरोप पडेल. त्यात फार मोठा बदल नको. ‘आईबाबांना सांगा’ याऐवजी एवढेच लिहिलेले असावे : ‘आईबाबांना आम्ही कळवले आहे.’