‘डॉक्टरांना विचारा’

रुग्णालयातून घरी सोडण्याचा दिवस बहुतेक कुटुंबांसाठी बिलाचा दिवस असतो. मुलगा काउंटरवर रांगेत, विम्याची मंजुरी अडकलेली, रुग्ण कपडे बदलून खाटेच्या कडेला बसलेला. हातात पडलेल्या डिस्चार्ज कार्डावर इंग्रजीत औषधांची नावे आणि पुढे १-०-१, ०-०-१ असे आकडे. टाके भिजले तर चालतील का, वांगे खायचे का, ताप आला तर इथेच यायचे की गावच्या दवाखान्यात जायचे? मोठ्या डॉक्टरांच्या राउंडमध्ये हे विचारण्याचे धाडस होत नाही. विचारले जाते ते सिस्टरला, आणि पुष्कळदा एकच उत्तर मिळते: डॉक्टरांना विचारा.

या उत्तराबद्दल परिचारिकेला बोल लावणे सोपे, पण अन्यायाचे आहे. अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि इतर रुग्णालयांत पाचांमागे एक परिचारिका असावी, असे भारतीय परिचर्या परिषदेचे प्रमाण सांगते. सरकारी वॉर्डात प्रत्यक्ष काय असते, हे तिथे नातेवाइकाच्या उशाशी एक रात्र काढलेल्याला सांगायला नको. खाटा संपल्यावर जमिनीवर घातलेल्या गाद्याही तिच्याच वाट्याला येतात. त्यात धास्ती वेगळीच. तिने एक सांगितले आणि डॉक्टरांनी दुसरे, तर बोलणी तिनेच खायची.

उत्तर न मिळण्याची किंमत इन्सुलिनमध्ये दिसते. आपल्याकडे बाटलीतले इन्सुलिन बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिटचे असते आणि त्याच्या सिरिंजला लाल टोपण असते. १०० युनिटच्या इन्सुलिनची सिरिंज नारिंगी टोपणाची. लाल टोपणाच्या सिरिंजने १०० चे इन्सुलिन ओढले, तर लिहून दिलेल्या डोसच्या अडीचपट औषध अंगात जाते. उलट घडले तर निम्म्याहूनही कमी जाते, साखर उतरत नाही आणि खापर पथ्य न पाळल्यावर फुटते. बाटली फ्रीजमध्ये ठेवायची, पण बर्फाच्या कप्प्यात नाही. टोचण्याची जागा बदलत राहायची, नाहीतर गाठी होतात. घाम सुटून हातपाय थरथरू लागले, तर आधी साखर तोंडात टाकायची. डॉक्टर डोस लिहून देतात; पण हे सारे समजावून, हात धरून सुई टोचायला शिकवण्याचे काम परिचारिकेचे, आणि त्याला निवांत दहा-पंधरा मिनिटे लागतात. ती तिच्या पाळीत कुठेच धरलेली नसतात.

प्रसूती कक्षात तर शिकणारी एकटी बाळंतीण नसतेच. चीक काढून टाकू नका, सहा महिने वरचे पाणी नको, घुटी नको, मध नको, हे पटवायचे असते आजीला, आणि तेही तिचा मान राखून. मुरलेली सिस्टर हे त्या घरच्याच बोलीत सांगते. कुठल्याही छापील पत्रकाला हे जमणार नाही. खासगी रुग्णालयांच्या गुळगुळीत पुस्तिकांनाही नाही.

परिचारिकांनी असे शिकवणे आपल्या देशात अशक्य आहे, असेही नाही. बंगळुरूच्या नारायणा रुग्णालयातून सुरुवात केलेल्या नूरा हेल्थ या संस्थेने परिचारिकांना वॉर्डातच नातेवाइकांचे वर्ग घेण्याचे प्रशिक्षण दिले आणि पुढे अनेक राज्यांची सरकारी रुग्णालये त्यात आली. बी.एस्सी. नर्सिंगच्या अभ्यासक्रमातही आरोग्यशिक्षण आहेच. शिकलेले वापरायला उसंत आणि मुभा, एवढेच काय ते कमी पडते.

म्हणून राज्य सरकारने काही गोष्टी कराव्यात. रिक्त पदे भरावीतच. पण शिवाय प्रत्येक जिल्हा रुग्णालयात रुग्णांना शिकवण्यासाठी स्वतंत्र परिचारिका नेमावी, जिच्या गळ्यात सलाइन आणि रजिस्टर पडणार नाही. आणि कोणत्या प्रश्नांची उत्तरे परिचारिकेने स्वतःच्या अधिकारात द्यायची, हे लेखी ठरवून डॉक्टरांनाही कळवावे. डिस्चार्ज कार्डावर मराठी मजकूर आणि ‘समजावून सांगितले’ या नोंदीसाठी तिच्या सहीची जागा असावी. ही सही रुग्णाने ‘हो, हो’ म्हणून मान डोलावल्यावर करायची नाही. ‘सांगा बघू, घरी गेल्यावर काय करणार?’ असे विचारून, उत्तर ऐकूनच करायची.

हे होईल तेव्हा होईल. तोवर रुग्णाला घरी नेणाऱ्यांनी बिलाच्या रांगेत एकाला उभे करावे आणि दुसऱ्याने सिस्टरपाशी थांबून, प्रश्न कागदावर लिहून नेऊन, एकेक विचारून घ्यावा.